अनुभव धागा : 'पाणी फार' म्हणून गुण कापलेला पोकेमॉन

कृष्णाकाठ
काल भाच्यानं विचारलं, "मामा, ओमेगा रुबीला आयजीएननं ७.८ च का दिले?" आणि सगळं परत आठवलं. ओमेगा रुबी म्हणजे निन्टेन्डो थ्रीडीएस या हातातल्या गेम-यंत्रावरचा पोकेमॉन गेम, अल्फा सफायर ही त्याची जोडी; आयजीएन ही गेमचं परीक्षण करणारी साइट, गुण दहापैकी. नोव्हेंबर २०१४. उणिवांमध्ये लिहिलेलं, पाणी फार. जगभर त्याची थट्टा झाली, मला मात्र राग आलेला आणि तो अजून आहे. गेममधला होएन प्रदेशच समुद्राचा. टीम अ‍ॅक्वाला समुद्र वाढवायचाय, टीम मॅग्माला जमीन, या दोन टोळ्या, सगळी कथा त्यावरच. २००२ च्या मूळ रुबी-सफायरमध्येही पूर्वेला पाणीच पाणी होतं. त्याच गेमच्या या रिमेकनं ते राखलं हे योग्यच केलं. तुम्ही कुठं खेळलात, कसं वाटलं, लिहा.

विट्याचा_ट्रेनर
दादा, राग बरोबर, पण दुसरी उणीव कुणी बघतच नाही. एचएम, म्हणजे वाट काढायला पोकेमॉनला शिकवावे लागणारे डाव, फार, असंही लिहिलेलं. ते खरंय की. सर्फ, डाइव्ह, वॉटरफॉल, सगळं संघात कोंबायचं, आणि समुद्रात जरा पुढं गेलं की टेन्टाकूल, तोच तो पाण्यातला पोकेमॉन.

पोवईनाका
लॅटिओस या उडत्या पोकेमॉनवर बसून आभाळात उडाले तेव्हा अंगावर काटा आला. खाली अख्खं होएन. मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या परीक्षणांच्या सरासरीत, ८३ आहे, मी ९५ दिले असते. काकांनी दुबईहून थ्रीडीएस आणलेला, इथं साताऱ्यात एकाही दुकानात नव्हता. कुकरची शिट्टी झाली, नंतर लिहिते.

मिरजकर_९१
बॅटल फ्रंटियर!! कथेपलीकडच्या लढायांची जागा ती. रुबी-सफायरनंतरच्या एमराल्ड गेममध्ये होता, इथं काढला आणि आधीच्या एक्स-वाय गेममधलं बॅटल मेझॉन उचलून ठेवलं. एमराल्डवर वाढलेल्यांना ते फार लागलं. गुण कापायचे तर यासाठी कापायचे होते.

कृष्णाकाठ
@मिरजकर शंभर टक्के.

आकडेवाला
जपानात पहिल्या तीन दिवसांत १५ लाखांच्या वर खप, एकूण १ कोटी ४० लाखांच्या वर. परीक्षणानं खपाला काही धक्का लागला नाही. लोकांना होएन परत पाहिजे होतं, एवढंच.

तासगावची_ताई
विषय थोडा वेगळा. माझ्याकडं मूळ सफायरची कॅसेट आहे, चालू केली की आतली बॅटरी संपली म्हणते. गेम चालतो, पण त्यातली बेरी फळं वाढत नाहीत. कुणी बदलून देतं का?

विट्याचा_ट्रेनर
ताई, सीआर१६१६ सेल लागतो, पत्र्या जोडलेला घ्या. डाग द्यावा लागतो. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं न्या, पण आधी सांगा की जास्त तापवू नको.

गावभाग
आमचा थ्रीडीएस २०१९ च्या पुरात गेला. कपाटाच्या खालच्या खणात होता. त्यावर दादानं स्वाम्पर्ट हा पोकेमॉन वाढवलेला, आता दादा पुण्यात असतो. 'पाणी फार' वाचून मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

पोवईनाका
अरेरे. गावभाग, वाईट वाटलं. कॅसेट तरी वाचली का?

गावभाग
कॅसेट वाचली, बाहेरच्या खोलीत माळ्यावर होती. सेव्ह कॅसेटमध्येच असतं, म्हणजे स्वाम्पर्ट आहे. चालवायला यंत्र नाही.

मिरजकर_९१
माझा जुना टू-डीएस पडून आहे, त्यावरही हे गेम चालतात, घेऊन जा. पैसे नकोत.

पोवईनाका
पोकेमॉनची ऑनलाइन अदलाबदल एप्रिल २०२४ मध्येच बंद झाली, पण शेजारी बसून होते. माझ्याकडं ओमेगा रुबी, ग्राउडन हा पोकेमॉन आहे, कायओगर नाही, तो अल्फा सफायरमध्ये मिळतो. अल्फा सफायर कुणाकडं?

गावभाग
माझी तीच आहे.

मिरजकर_९१
मग रविवारी कराड, साताऱ्याला आणि सांगलीला दोघांनाही सोयीचं. स्टँडवर चार वाजता. टू-डीएस मी आणतो, चार्जर मात्र कुणीतरी आणा रे.