मूषकराजाची बाजू मुलांना सांगावी की नाही?

मूळ मत

ई. टी. ए. हॉफमन यांची १८१६ सालची ‘नटक्रॅकर आणि मूषकराजा’ ही नाताळची गोष्ट हल्ली मुलांपर्यंत पोहोचते ती बहुधा त्चायकोव्हस्की यांच्या १८९२ सालच्या बॅलेमधून. त्यात मूषकराजा येतो, नटक्रॅकरशी, म्हणजे अक्रोड फोडायच्या लाकडी बाहुल्याशी लढतो आणि नायिकेने (मूळ कथेत मारी, बॅलेत बहुतेक वेळा क्लारा) भिरकावलेल्या सपातेच्या निमित्ताने हरतो. तो असा का झाला, हे कुणी सांगत नाही. मूळ कथेत मात्र हात कापल्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या मारीला तिचे धर्मपिता ड्रोसेलमायर एक आतली गोष्ट सांगतात आणि वैराचे मूळ तिथे आहे. राजाच्या मेजवानीसाठी राणी सॉसेजमध्ये घालायची चरबी परतत असताना उंदरांची राणी माउझरिंक्स वाटा मागते. तिला तो मिळतोही, पण पाठोपाठ तिचे सात मुलगे आणि सगळा गोतावळा त्यावर तुटून पडतो. सॉसेज खाताना राजाला हुंदका फुटतो, कारण चरबी कमी पडलेली असते, आणि तेवढ्यावरून सापळे लावून ते सातही मुलगे मारले जातात. त्यांच्या मृत्यूनंतर तिला जो मुलगा होतो, त्याला सात मुंडकी असतात. हा तपशील गाळणे म्हणजे कथेचा प्राणच काढून घेणे होय, असे मला ठामपणे वाटते.

प्रतिसाद

मी असहमत आहे. अन्याय झाला हे मान्य, पण सूड कुणावर उगवला गेला? त्याच राजाच्या पाळण्यातल्या तान्ह्या पिर्लिपाट राजकन्येवर; माउझरिंक्सने तिला कुरूप करून टाकले. पुढे मूषकराजा तरी काय करतो? रात्री सात वर्षांच्या मारीच्या कानाशी येऊन तो खाऊ मागतो आणि दिला नाही तर नटक्रॅकरला कुरतडून टाकण्याची धमकी देतो. खाऊ संपला की साखरेच्या बाहुल्या आणि मग चित्रांची पुस्तके नि फ्रॉकसुद्धा. धाक दाखवून लुबाडणे म्हणतात ते हेच. शाळेत मोठ्या मुलांना रोज डबा द्यावा लागणाऱ्या मुलाला ही गोष्ट वाचून दाखवताना, लुबाडणाऱ्याच्या आईचे दुःख आधी समजून घे, असे मी सांगणार नाही.

आणखी एक प्रतिसाद

तुम्ही दोघेही सापळे बनवणाऱ्याला विसरलात. आतल्या गोष्टीतला तो कारागीरही ड्रोसेलमायरच आहे आणि शापाने नटक्रॅकर होतो तो त्याचाच नातलग तरुण. थोरांनी केलेल्या कृत्याची किंमत घरातल्या धाकट्याने मोजली, हे मुलांना नेमके कळते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर

धमकीचे समर्थन मी करत नाही. मूषकराजा मरावा, हे मलाही मान्य आहे. पण राजकन्येचा शाप उतरवण्यासाठी तो तरुण डोळे मिटून सात पावले मागे जात असताना सातव्या पावलाला माउझरिंक्स त्याच्या टाचेखाली येते आणि मरता मरता आपला मुलगा सूड घेईल असे बजावते, हे ऐकल्यावर मूल थांबते आणि प्रश्न विचारते. मुलांना हे पेलेल का, ही शंका जुनीच आहे: १८१९ साली हॉफमन यांनी ही कथा ‘सेरापिओन बंधू’ या संग्रहात घेतली, तेव्हा त्यात एकमेकांना गोष्टी सांगणाऱ्या मित्रांमध्ये याच मुद्द्यावर वाद घातलेला आहे, आणि कथा सांगणारा लोथार मुलांच्या आकलनाच्या बाजूने उभा राहतो.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

लोथारचे म्हणणे मी अर्धे स्वीकारतो. आतली गोष्ट मी सांगेन, पण दुसऱ्या दिवशी, उजेडी. पहिल्या रात्री मारीची सपात नेमकी लागली, एवढ्यावर मुलाला झोपू द्यावे.