हेरोकूवर नोडचं अ‍ॅप टाकलं, बिल्ड होतंय पण अ‍ॅप उघडत नाही

वाचनवेडा_डेव्ह:
नमस्कार मंडळी, गावातल्या वाचनालयासाठी छोटं अ‍ॅप बनवतोय. फ्रंटएंड रिअ‍ॅक्ट, मागे नोड आणि एक्सप्रेस, डेटा एसक्यूलाइटमध्ये (एकाच फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) आणि मुखपृष्ठांचे फोटो सर्व्हरवरच अपलोड्स फोल्डरमध्ये. लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित चालतं. मग हेरोकूवर, म्हणजे आपला कोड त्यांच्या सर्व्हरवर चालवून देणाऱ्या सेवेवर, गिट पुश केलं, बिल्ड सक्सेसफुल म्हणतंय, पण लिंक उघडली की अ‍ॅप्लिकेशन एरर. लॉगमध्ये आधी आर 10 बूट टाइमआउट आणि मग एच 10 अ‍ॅप क्रॅश्ड. गंमत म्हणजे त्याच्याच वर सर्व्हर पोर्ट 3000 वर सुरू झाला असंही दिसतंय, मग अडतंय कुठे?

बॅकएंडवाली:
तुमच्याच शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. 3000 कोडमध्ये फिक्स लिहिलंय ना, ते तिथे चालत नाही. हेरोकू प्रत्येक वेब डायनोला (ज्यात तुमचा कोड चालतो तो कंटेनर) पोर्ट नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून नंबर देतं, तो दरवेळी वेगळा असू शकतो, आणि अ‍ॅपने 60 सेकंदांत त्याच नंबरवर लिसन करायला हवं, नाहीतर प्रोसेस मारून टाकतात, तेच आर 10. मग बाहेरून आलेली रिक्वेस्ट पोचवणाऱ्या राउटरला पलीकडे कोणी सापडतच नाही म्हणून एच 10. प्रोसेस डॉट एन्व्हमधून पोर्ट वाचा, तो नसेल तरच 3000, म्हणजे लॅपटॉपवरही चालेल. आणि लिसनमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट दिलं असेल तर ते काढा, बाहेरून कनेक्शन येणारच नाही.

वाचनवेडा_डेव्ह:
सुरू झालं!! खूप खूप आभार ताई 🙏

सर्व्हर_सांभाळणारा:
थांबा, वाचनालयाला लिंक द्यायच्या आधी हे वाचा, कारण यात लोकांची मेहनत जाईल. डायनोची डिस्क तात्पुरती असते. नवीन डिप्लॉय केलं की डायनो नव्याने उभा राहतो, आणि तुम्ही काहीच केलं नाही तरी दिवसातून एकदा तरी रिस्टार्ट होतोच, त्यावेळी फक्त गिटमधून आलेला कोड परत येतो, बाकी सगळं साफ. म्हणजे ग्रंथपाल बाई दिवसभर बसून पुस्तकांच्या नोंदी करणार आणि दुसऱ्या दिवशी एसक्यूलाइटची फाइल रिकामी, फोटोही गायब, आणि लॉगमध्ये एरर नाही काही नाही. डेटा पोस्टग्रेस या वेगळ्या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये न्या, फोटो एस3 सारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे फाइली ठेवायच्या ऑनलाइन जागेत. पोस्टग्रेस अ‍ॅड-ऑन जोडलं की डेटाबेस यूआरएल, म्हणजे त्याचा पत्ता, कॉन्फिग व्हार्समध्ये (हेरोकूवरच्या सेटिंग्ज) आपोआप येते, ती कोडमध्ये कॉपी करू नका, कारण ती हेरोकूकडून बदलली जाऊ शकते. कनेक्शनला एसएसएल (एन्क्रिप्शन) लागतं हेही लक्षात ठेवा, पहिल्यांदा बहुतेक तिथेच अडतं.

वाचनवेडा_डेव्ह:
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. क्वेऱ्या सगळ्या परत लिहाव्या लागतील का?

बॅकएंडवाली:
सगळ्या नाही. एसक्यूलाइटला व्हॅल्यूच्या जागी जिथे प्रश्नचिन्ह देता तिथे नोडच्या पीजी लायब्ररीत डॉलर 1, डॉलर 2 असं द्यायचं. ऑटोइंक्रिमेंट (आपोआप वाढणारा आयडी) पोस्टग्रेसमध्ये तसं नसतं, आयडेंटिटी कॉलम करा. साध्या सिलेक्ट, इन्सर्टला एवढ्यावर भागतं. आणि एक, नोडमॉन (कोड बदलला की सर्व्हर रिस्टार्ट करणारं टूल) डेव्ह डिपेंडन्सीत, म्हणजे फक्त डेव्हलपमेंटला लागणाऱ्या पॅकेजेसमध्ये, असेल तर स्टार्ट स्क्रिप्टमध्ये ठेवू नका, बिल्ड संपल्यावर डेव्ह डिपेंडन्सी काढून टाकल्या जातात, साधं नोडने सर्व्हर फाइल चालवा. पॅकेज डॉट जेसनच्या इंजिन्समध्ये नोडचं व्हर्जनही लिहून ठेवा, लॅपटॉपवर आहे तेच.

कोल्हापुरी_कोडर:
खर्चाचंही बघून ठेवा. फुकट डायनो 28 नोव्हेंबर 2022 पासून बंद झालेत, जुने व्हिडिओ अजून फुकट म्हणून सांगतात त्यावर जाऊ नका. सगळ्यात स्वस्त इको डायनो, पण अर्धा तास कोणी आलं नाही की झोपतो, सकाळी वाचनालय उघडल्यावर पहिलं पान यायला वेळ लागेल, लोकांना आधीच सांगून ठेवा. शिवाय साध्या अ‍ॅपला रिजन, म्हणजे सर्व्हर जिथे असतात तो भाग, फक्त अमेरिका आणि युरोप, मुंबई फक्त महागड्या प्रायव्हेट स्पेसेसमध्ये, त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्ट लांबून फिरून येणार. डेटाबेस दुसऱ्या कुठल्या सर्व्हिसचा घेतलात तर निदान अ‍ॅपच्याच रिजनमध्ये घ्या, नाहीतर एका पानाला दहा क्वेऱ्या असतील तर दहा वेळा तो फेरा होतो.

वाचनवेडा_डेव्ह:
समजलं. आधी पोस्टग्रेसवर नेतो, तोवर ग्रंथपाल बाईंना नोंदी वहीतच चालू ठेवायला सांगतो. फोटोंचं एस3 जमलं की इथेच कळवतो.