लंबकाची एरर २० टक्के येतेय, उद्या रेकॉर्ड द्यायचाय

खानापूर_पीयू
अर्जंट! साध्या लंबकावरून जी (गुरुत्वीय त्वरण) काढलाय. ९.७७ आला, ते ठीक आहे. पण एरर २०.१ टक्के! लांबीची ०.१ टक्का, वेळेची १०, सूत्रात वेळेचा वर्ग आहे म्हणून तिची दुप्पट. मॅडम "काहीतरी चुकलंय बघ" म्हणून निघून गेल्या. काय चुकलंय?

कॅम्पवाला
आकडे टाक की बाबा. आंदोलनं किती मोजलास?

खडेबाजार
सीमाभागात आंदोलनं मोजायची तर १९५६ पासून मोजावी लागतील 😄

टिळकवाडी_मास्तर
मुळात सरळ बेरीज करूच नये. मापं एकमेकांवर अवलंबून नसतील तर एररच्या वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. बी.एस्सी.ला आम्ही तेच शिकवतो.

निपाणीकर
मास्तर, पोरगं फर्स्ट पीयूला, म्हणजे अकरावीला आहे. एनसीईआरटीत सरळ बेरीजच आहे, जास्तीत जास्त चूक किती ते काढायला. वर्गमूळ लिहून मार्क गेले तर तुम्ही देणार?

खानापूर_पीयू
भांडू नका ना. लांबी १००.० सेमी, एरर ०.१. वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद, म्हणजे एकाला २.०१. स्टॉपवॉच हातानं दाबलं म्हणून एरर ०.२ सेकंद.

कॅम्पवाला
हां, सापडलं. ०.२ ला २.०१ नं भागलास! अरे, बोट चुकतं ते सुरू करताना आणि थांबवताना. मधल्या आंदोलनांना तू बटणाला हात कुठं लावतोस? ४०.२ नं भाग. अर्धा टक्का, दुप्पट एक, त्यात ०.१. झाले १.१ टक्के. वीस मोजायचे ते ह्याच्यासाठीच.

टिळकवाडी_मास्तर
माझ्या रीतीनं १.००५.

निपाणीकर
म्हणजे ९.७७ वर ०.११ च्या जागी ०.१०. ह्यासाठी एवढं रामायण?

खडेबाजार
बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, म्हणून जी कमी आला असणार.

कॅम्पवाला
उंचीनं फरक पडतो तो तिसऱ्या दशांशात. ह्याच्या घड्याळाला तो दिसणार पण नाही.

खानापूर_पीयू
सुटलं! ९.८ ± ०.१ लिहितो. थँक्यू सगळ्यांना.

कॅम्पवाला
थांब. लांबीत गोळ्याची त्रिज्या धरलास ना? सेंटीमीटरभर राहिली तर एरर कितीही नीट काढ, जी एक टक्का कमीच येणार.

खानापूर_पीयू
धागाच मोजला फक्त. आता? गोळा लॅबच्या कपाटात आहे, कुलूप लावलंय.