दरड कोसळली, भूस्खलन झालं की डोंगर आला?

पानगळ: शाळांसाठी आपत्तींची एक पुस्तिका मराठीत करतेय. पूर, भूकंप, चक्रीवादळ यांना अडचण आली नाही, पण 'लँडस्लाइड'पाशी अडले. मी 'दरड कोसळणे' लिहिलं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे 'भूस्खलन' केलं. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये पावसाने भिजलेली माती चिखल होऊन गावावर आली, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे दरड म्हणावं का?

घाटमाथा: नाही. दरड म्हणजे उभा कडा. घाटरस्त्यावर दगड निखळून येतात ते दरड कोसळणं. माळीणला अख्खा उतारच सुटला. दोन्हींना एकच शब्द लावला तर मुलांना कारण कसं कळणार? माझं मत भूस्खलनाला.

सावित्रीकाठ: मी महाडकडचा. २००५ ला जुई आणि दासगाव, २०२१ ला तळिये. आमच्याकडे कुणाच्या तोंडी 'भूस्खलन' मी ऐकलं नाही. आजी 'डोंगर आला' एवढंच म्हणायची. आणि दरड डोंगराचीच कशाला? नदीचा उभा काठही दरडच, पुरात ढासळतो तो.

शब्दवेडा: दरी, विदीर्ण यांच्यामागे संस्कृत धातू 'दॄ' म्हणजे फाडणे. दरडही तिथलीच असावी असं मला फार वाटतं. जमिनीला भेग पडून ती सुटते, मग माळीणलाही दरडच की! हिंदी बातम्यांतलं भूस्खलन कशाला?

घाटमाथा: संस्कृत शब्द हिंदीत वापरला म्हणून परका होतो? बदलायचाच तर 'ढगफुटी'चा वापर बदला. हवामान खात्याच्या हिशेबात वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत तासाला १०० मिमी पडला तर ढगफुटी. हल्ली कुठल्याही जोरदार सरीला म्हणतात.

बांधावरून: आमचं पोट 'अतिवृष्टी'वर आहे. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिमीच्या वर पडला तरच भरपाईसाठी तो शब्द लागतो. गेल्या साली ओढ्याने आमचा बांध नेला, सोयाबीन गाळात गेलं. पर्जन्यमापक मात्र लांब, तिथे कमी भरला. पंचनाम्याच्या वेळी 'अतिवृष्टी नाही' असं ऐकावं लागलं.

शब्दवेडा: गावात त्या पावसाला काय म्हणाले?

बांधावरून: आभाळ फाटलं.

शब्दवेडा: बघा, पुन्हा फाटणंच!

पानगळ: पुस्तिका शुक्रवारी द्यायचीय. तळियेच्या परिच्छेदात 'डोंगर खचला' चालेल?

सावित्रीकाठ: नको, ताई. खचतं ते जागच्या जागी खाली बसतं. तळियेत डोंगर घरांवर आला.