मदत हवी आहे: पप्पांची पंच्याहत्तरी, ५० माणसं, मिसळ आणि मे महिन्याचं ऊन (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, मेच्या दुसऱ्या रविवारी पप्पांची पंच्याहत्तरी आहे आणि त्यांनी हॉल, जेवणावळ सगळ्याला सरळ नाही म्हणून सांगितलंय, त्यांचं म्हणणं एकच की घरच्या गच्चीवर सकाळी सगळ्यांना मिसळ खायला घाला. ५० माणसं होतील, साडेआठला सुरू करून साडेअकरापर्यंत लोक येत-जात राहणार.

पप्पा गेली कित्येक वर्षं रविवारी उद्यमनगरात फडतरेंकडे मिसळ खायला जातात. मी लहानपणी बरोबर जायचे. बशी समोर आली की आधी ब्रेडच्या स्लाइसचा फक्त कोपरा कटात बुडवून चाखणार, मान हलवणार, मग कांदा-लिंबू. पाव दिला तर हात लावत नाहीत. त्यामुळे घरी केली तरी ती त्यांच्या जिभेला पटायला हवी.

पण माझ्या डोक्यात भीती बसलीय. मागच्या वर्षी एका नातेवाइकांकडे डोहाळजेवणाला इडली-चटणी होती, खोबऱ्याची चटणी पहाटे वाटलेली आणि दुपारी बारापर्यंत तशीच स्टीलच्या बादलीत टेबलाखाली. संध्याकाळपर्यंत ११ जणांना उलट्या-जुलाब, त्यात माझी सासू पण, तिला दोन दिवस सलाइन लावावं लागलं. म्हणून विचारतेय, हसू नका प्लीज.

१) कट ३ तास गरम कसा ठेवायचा? गच्चीवर सारखा गॅस चालू ठेवला तर आटून नुसतं तिखट होतं.
२) उसळ आदल्या रात्री करून सकाळी उकळली तर चालेल ना? आमच्या आत्या म्हणतात उकळलं की सगळं मरतं.
३) मुंबईची मंडळी शनिवारीच येणार, त्यांना खासबाग नाहीतर बावडा मिसळ खायला नेणार आहोत, पण त्यांना पोरांना घेऊन गंगावेशीत धारोष्ण दूध पण प्यायचंय. बरोबर ३ वर्षांचा भाचा आणि सहावा महिना लागलेली चुलतबहीण आहे. काय करू?

प्रतिसाद:
ताई, हसणार कोण, बरोबर विचारताय. मी बरीच वर्षं आचाऱ्यांच्या हाताखाली काम केलंय. आत्यांना सांगा, उकळल्यावर जंतू मरतात पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही, म्हणून बाहेर राहिलेलं 'परत गरम केलं' म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. गरम पदार्थ ६० डिग्रीच्या वर, गार पदार्थ ५ च्या खाली, मधल्या तापमानात २ तासांपेक्षा जास्त नाही, आणि मे महिन्यात गच्चीवर ३२ च्या वर पारा असेल तर १ तासच धरा.

उसळ शक्यतो पहाटे करा. आदल्या रात्री करायचीच असेल तर मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नका, मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. दोन-तीन पसरट परातींत पातळ थर करून वाफ गेली की लगेच फ्रीज, सकाळी खळखळून उकळी. मटकीला मोड आले की ती पण फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात बाहेर राहिली की बुळबुळीत होऊन वास मारते, तशी झाली तर सरळ टाकून द्या.

कटाचं म्हणाल तर सगळा एकदम वर नेऊ नका. मोठं पातेलं खाली स्वयंपाकघरात बारीक आचेवर झाकून, आटला तर उकळतं पाणी घाला. वर फक्त ३-४ लिटरचा हॉटपॉट, संपला की धुतलेला दुसरा. उरलेल्यात नवीन ओतायचं नाही. माणशी पाव लिटर कट धरा, कोल्हापूरची माणसं आहेत, परत मागणारच.

दुसरा प्रतिसाद:
गंगावेशीत जरूर जा, तो दूधकट्टा बघण्यासारखाच आहे, समोर म्हशीची धार काढून ग्लासात देतात. पण कच्चं दूध गरोदर बाईनं आणि एवढ्या लहान पोरानं पिऊ नये, टीबी, ब्रुसेलोसिससारखे आजार त्यातून येऊ शकतात. दूध किटलीत घरी आणा, नीट उकळा आणि मग द्या, सायही जाड येते. बहिणीला वाईट वाटेल पण स्पष्ट सांगा.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार, खरंच जीव भांड्यात पडला. उसळ पहाटे ४ ला उठून करायची ठरवली, आत्या पण तयार झाल्या (विषाचं ऐकून गप्प बसल्या). चटणी यादीतून काढली. कांदा ऐनवेळी चिरणार, फरसाण कोरडं वेगळं, प्रत्येक भांड्याला वेगळा डाव.

एकच राहिलं. मुंबईकरांना मिसळीवर दही लागतं, ५ किलो तरी घ्यावं लागेल आणि फ्रीज मोड आलेल्या मटकीने भरलेला. थर्माकोलच्या पेटीत बर्फाच्या लाद्यांवर छोटी छोटी भांडी ठेवली तर तीन तास निभेल का, का पेटी मधेच बदलावी लागेल? कुणी केलं असेल तर सांगा, बर्फाची ऑर्डर शुक्रवारपर्यंत द्यायचीय.