‘बोल लागला’ म्हणजे नेमकं काय लागलं?

गावाकडे बोअर मारताना नव्वद फुटांच्या आसपास राखाडी भुकटी एकदम विटेसारखी लाल यायला लागली. मशीनवाला म्हणाला, “बोल लागला.” शेजारी उभे असलेले काका दचकलेच. आपल्याकडे बोल लागतो तो चूक झाल्यावर. बोअर फुकट गेलं आणि ठपका आपल्यावर, असंच त्यांना वाटलं.

मशीनवाल्याचा बोल वेगळा. मूळ ग्रीक ‘बोलोस’, म्हणजे ढेकूळ. लॅटिनमधून तो इंग्रजीत गेला आणि मऊ, चिकण, बहुधा तांबड्या मातीला ‘बोल’ म्हणू लागले. आर्मेनियातला तांबडा बोल पूर्वी औषधात वापरत. युरोपातले कारागीर लाकडावर सोन्याचा वर्ख चढवायच्या आधी बोलाचा हात देत. त्या लालीमुळे वर्खाला उबदार झाक येते.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला. एक थर निवला की पुढचा येईपर्यंत त्याचा माथा ऊनपावसात झिजून त्याची माती होई. कुठे ज्वालामुखीची राखही साचे. दगडातलं लोह गंजून ती माती लाल होई आणि नवा तापलेला रस वरून गेला की भाजून निघे. घाटरस्त्याच्या कापात दोन काळ्या थरांमध्ये लाल पट्टा दिसतो तो हाच. कुठे बोटभर, कुठे पुरुषभर.

त्या दिवशी मी एक खडा उचलून बादलीत टाकला. हाताला चांगला टणक होता, पण बारीक बुडबुडे सोडत थोड्याच वेळात विरघळून तळाशी बसला. बोअरला तिथे केसिंग, म्हणजे आतून आधार देणारा पाइप, उतरवावं लागतं ते यामुळेच, नाहीतर भोक ढासळतं. बोगदे खोदणारेही या थराला जपून असतात.

आता शब्दाचं. काहीजण याचं नातं हिराबोळाशी जोडतात. ते चुकीचं आहे. तो बोळ म्हणजे झाडाचा डिंक, संस्कृत ‘बोल’वरून आलेला. तबल्याच्या बोलाशी तर काहीच संबंध नाही. मग सरळ ‘काव’ किंवा ‘गेरू’ का म्हणू नये? मलाही आधी तेच पटत होतं. पण हा थर काही ठिकाणी हिरवाही असतो, आणि ‘हिरवी काव’ कुणाच्या कानाला पटेल? म्हणून माझं मत ‘तांबडा बोल’, ‘हिरवा बोल’ असं विशेषणासकट म्हणावं. नुसतं ‘बोल’ लिहिलं तर वाचणारा काकांसारखाच दचकेल. लिंगाचा प्रश्न मशीनवाल्यांनी सोडवलेलाच आहे: माती ती असली तरी बोल तो.

पाणी एकशे दहा फुटांवर लागलं, बोलाच्या खाली. काका हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “आधी बोल लागला, मग पाणी.”