मशीनवरच्या सेन्सरला ब्लूटूथ की झिगबी? माझं मत झिगबीला

उद्यमनगरकर :

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलं, आज लहानमोठी बावीस मशीनं आहेत. गेल्या पावसाळ्यात एका व्हीएमसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, स्पिंडल बेअरिंग गेलं. आधी तीन दिवस ते तापत होतं. रोजच्या ऑपरेटरनं हात लावून ओळखलं असतं, पण तो गावाकडं गेलेला. मशीन अकरा दिवस उभं राहिलं आणि एक जुनं गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं. त्या दिवशी ठरवलं, प्रत्येक बेअरिंगचं तापमान आणि कूलंटची पातळी ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसलीच पाहिजे.

एका विक्रेत्यानं ब्लूटूथ सेन्सरांचा संच दिला. ऑफिसात टेबलावर मांडून दाखवला तेव्हा बावीसच्या बावीस दिसले. शेडमध्ये लावल्यावर नऊ. गेटवे, म्हणजे सेन्सरांचे आकडे गोळा करणारा डबा, खांबावर चढवला, बारा झाले. आमचं शेड काटकोनात वळलेलं आहे, वर पत्रा, मध्ये कास्टिंगचे ढीग आणि बावीस लोखंडी धूडं. वळणापलीकडचं एकही मशीन गेटवेला थेट दिसत नाही.

मग झिगबी आणलं, तेही ब्लूटूथसारखंच कमी विजेचं बिनतारी मानक. त्यात विजेवर चालणारं बहुतेक प्रत्येक उपकरण राऊटरचं काम करतं, शेजारच्या सेन्सरचा निरोप पुढं देतं. वळणावर दोन प्लग लावले, तर पलीकडची सगळी मशीनं ऑफिसात दिसायला लागली. वेग सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे आजच्या हिशेबानं काहीच नाही, पण तापमानाचा एक आकडा पाठवायला वेग लागतोच कशाला? बॅटरीवरचा सेन्सर झोपून असतो, मिनिटाला एकदा उठतो, आकडा टाकतो, परत झोपतो.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ब्लूटूथ हे कानातल्या हेडफोनसाठी आणि मनगटावरच्या घड्याळासाठी. लोखंडानं भरलेल्या शेडला जाळं लागतं, ते झिगबीत आहे. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कारण सांगावं, मला खरंच ऐकायचंय. अजून दोन शेडांचा खर्च पुढं आहे.

गुऱ्हाळवाला :

दादा, माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. गूळ साधारण ११६ ते ११८ अंशांना उतरायला येतो, काकवी १०५-१०६ लाच. दोन अंश इकडं-तिकडं झाले तर रंग गेला, आणि मार्केट यार्डात दर रंगावर ठरतो. आमचे गुळवे काका पाण्यात थेंब टाकून गोळी बघतात. चाळीस वर्षांचा हात आहे, चुकत नाही. पण त्यांच्या पोराला तो हात यायला वेळ लागेल. म्हणून काहिलीच्या कडेला ब्लूटूथचा थर्मामीटर लावला. पोरगं मळी काढत असतं, खाली चुलव्या चिपाड सारत असतो, आणि ११४ झाले की खिशातला फोन थरथरतो. हब नाही, गेटवे नाही, इंटरनेट नाही. रानात आमच्याकडं रेंज कधी असते, कधी नसते.

झिगबी कुठल्या फोनमध्ये आहे मला सांगा. एक आकडा बघायला मधे आणखी एक डबा, त्याला वीज, त्यात बिघाड. ब्लूटूथ जगातल्या प्रत्येक खिशात आहे. हा एवढा एकच मुद्दा माझ्या दृष्टीनं बाकी सगळ्याला भारी पडतो.

राजारामपुरीतला :

दोघांनाही माझा विरोध आहे. वायफाय का नको? मशीनला वीज आहेच की. पॅनेलमध्ये २४ व्होल्टचा पुरवठा तयार असतो, तिथून तार घ्यायची आणि ईएसपी३२ चं वायफाय मॉड्यूल बसवायचं. राऊटर ऑफिसात आधीच आहे. आकडा थेट संगणकावर येतो, मधे कुणाची भाषा बदलायला नको. मी सहा दुकानांत असंच बसवून दिलंय, एकही तक्रार नाही. मुळात बॅटरी वाचवण्याचा हट्ट कशासाठी? बॅटरी बदलायचं काम कुणाचंच नसतं, म्हणून ते होत नाही, आणि वर्षानं अर्धे सेन्सर मेलेले सापडतात.

उद्यमनगरकर :

बॅटरीचं तुमचं बरोबर आहे. ते काम मी फोरमनच्या महिन्याच्या यादीत घातलंय, नाहीतर तसंच झालं असतं.

पण पॅनेलमधून वीज घ्या म्हणता, तिथं अडतं. आमची चार मशीनं अजून वॉरंटीत आहेत. पॅनेलला बाहेरच्या माणसानं हात लावला की कंपनीचा इंजिनिअर हात वर करतो. आणि वायफायचं मॉड्यूल पाठवताना दीडशे-दोनशे मिलिअँपिअर ओढतं, ते नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर चालवायचं म्हटलं तर सेलाला तेवढा झटका झेपतच नाही. वायफायला वीज पाहिजेच, म्हणजे सेन्सर जिथं हवा तिथं नाही, तर जिथं वायर पोचेल तिथं लागतो. बेअरिंग तापतंय आणि आपण पॅनेलचं तापमान मोजतोय, असं व्हायला नको.

गुऱ्हाळवाल्या दादांना मी चूक म्हणत नाही. एक काहिल, एक माणूस, दहा पावलांचं अंतर, तिथं ब्लूटूथच. मी बावीस मशीनांचं बोलतोय.

शिरोलीचा वायरमन :

फौंड्रीत एकोणीस वर्षं काढली. वायर टाका. आरएस-४८५, म्हणजे तारेवरून आकडे नेणारी जोडणी, दोन तारा, दहा रुपयांची क्लिप. रेडिओचं काय, आज आहे उद्या नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. केबल शिल्डवाली घ्या आणि मोटरच्या केबलपासून लांब न्या. व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, गोंगाट साध्या तारेत शिरतो आणि आकडे नाचायला लागतात.

मंगळवार पेठ :

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. धाग्यात दोन-तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत, त्या सोडवते.

वायरमन दादांनी सांगितलेला व्हीएफडीचा गोंगाट तारेला त्रास देतो, पण त्याचा जोर किलोहर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत असतो. २४०० मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्या रेडिओपर्यंत तो फारसा पोचत नाही. रेडिओचे शेडमधले शत्रू दोन : लोखंडावरून उलटून येणाऱ्या लहरी, आणि शेजाऱ्यांचं वायफाय.

वायफाय, ब्लूटूथ आणि झिगबी तिघंही त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात राहतात. लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. थेट आलेली आणि पत्र्यावरून उलटलेली लहर एखाद्या ठिकाणी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि तेवढ्याच जागी सिग्नल मरतो. चार बोटं बाजूला तो ठणठणीत असतो. जागा तीच ठेवून वारंवारता बदलली तरी सिग्नल परत येतो. ब्लूटूथचं सगळ्यात मोठं बळ हेच. जुनं ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलतं. बॅटरीवर चालणारं नवं रूप २०१० मध्ये आलं, ते जोडणी झाल्यावर ३७ चॅनेलांवर उड्या मारत बोलतं आणि खराब चॅनेल वगळतं. झिगबीचं सगळं जाळं मात्र एकाच चॅनेलवर बसलेलं असतं. ब्लूटूथ लेन बदलतं, झिगबी रस्ता बदलतं. उद्यमनगरकरांनी अर्धंच सांगितलं.

दुसरं. तुमच्या त्या संचातले सेन्सर गेटवेशी जोडणी करत होते, की नुसते आकडा ओरडून गप्प बसत होते? नुसते ओरडणारे असतील तर ते ३७, ३८ आणि ३९ या तीनच चॅनेलांवर ओरडतात. मग उड्यांचा फायदा तुम्हाला मिळालाच नाही, आणि दोष ब्लूटूथचा नाही, संचाचा आहे. ब्लूटूथला २०१७ पासून मेशही, म्हणजे उपकरणांचं जाळंही, आहे. त्यात मुळात रस्ता ठरवत नाहीत, निरोप ऐकणारं प्रत्येक रिले उपकरण तो पुढं ओरडतं आणि ठरावीक टप्प्यांनंतर तो थांबतो. दिवे एकदम लावायला-विझवायला ते उत्तम आहे. शेकडो सेन्सर सतत आकडे टाकत असतील तर हवेत गर्दी होते.

राजारामपुरीतला :

मॅडम, मग तुमचं मत कुणाला? सगळ्यांचे गुणदोष सांगून मोकळं होता येत नाही, त्यांना दोन शेडांचा खर्च करायचाय.

मंगळवार पेठ :

माझं मत ८०२.१५.४ ला, म्हणजे झिगबी ज्या रेडिओवर उभं आहे त्याला. ब्लूटूथची कल्पना एरिक्सनमध्ये १९९४ साली निघाली ती संगणकाच्या आरएस-२३२ केबलच्या जागी रेडिओ आणायला. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला एक. ८०२.१५.४ चं मानक २००३ चं, आणि ते पहिल्यापासून कमी वेगाच्या, कमी विजेच्या पुष्कळ उपकरणांसाठी लिहिलेलं आहे. मूळ हेतू मानकाच्या हाडात राहतो, नंतर कितीही जोडा. शिवाय पैसे वाया जात नाहीत : थ्रेड नावाचं दुसरं जाळंही याच रेडिओवर चालतं, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात आलेलं मॅटर, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांची समान भाषा, थ्रेडवरही चालतं आणि वायफायवरही. कारखान्यांसाठीचं वायरलेसहार्टही याच रेडिओवर आहे, आणि ते चॅनेलही बदलतं. म्हणजे एकाच चॅनेलवर बसणं हा झिगबीचा निर्णय आहे, रेडिओची मर्यादा नाही.

झी-वेव्ह हे आणखी एक बिनतारी जाळं विचारात घ्यावं असंही मी म्हणाले असते. भारतात ते ८६५ मेगाहर्ट्झवर चालतं, वायफायची गर्दी तिथं नाही आणि लहर लांब असल्यामुळं आडोशाला वळसा घालते. पण आपल्या वारंवारतेची उपकरणं इथं सहज मिळत नाहीत, आणि बिघडल्यावर बदली मिळायला हवी.

उद्यमनगरकर, दोन गोष्टी मात्र आजच तपासा. तुमचं झिगबी कुठल्या चॅनेलवर आहे? आणि सेन्सर जोडताना कुठली किल्ली, म्हणजे गुप्त कोड, वापरली? जुन्या उपकरणांची जोडणीची किल्ली सगळ्या जगाला ठाऊक आहे. उद्यमनगरात भिंतीला भिंत लागून दुकानं आहेत.

उद्यमनगरकर :

मॅडम, संच खरंच नुसता ओरडणारा निघाला. पत्रक काढून वाचलं. त्यामुळं ‘ब्लूटूथ हेडफोनसाठी’ हे माझं वाक्य मी मागं घेतो. तरी त्या गेटवेला एका वेळी आठच जोडण्या घेता येत होत्या, म्हणजे जोडणी करणारे सेन्सर असते तरी मला तीन गेटवे लागले असते.

चॅनेल ११ निघाला. आमचं वायफाय पहिल्या चॅनेलवर, आणि झिगबीचा ११ नेमका त्याच्या पोटात बसतो. २५ वर नेलं, तिथं वायफायच्या अकराव्या चॅनेलचीही हद्द संपलेली असते. तीन सेन्सर परत जोडायला लागले. जोडणीची परवानगी कायम उघडी होती, ती बंद केली. नवे सेन्सर आता डब्यावरचा कोड घालूनच घेतो.

आणखी एक अडचण मीच सांगतो, कारण नवा माणूस हा धागा वाचून पैसे घालेल. संध्याकाळी जाताना आम्ही मेन पाडतो. मेन पडला की राऊटर प्लग मेले, आणि त्यांच्या पाठीमागचे सेन्सर रात्रभर रस्ता शोधत बॅटरी जाळत बसले. पहिल्या महिन्यात पाच सेल गेले. आता दोन्ही प्लग सीसीटीव्हीच्या यूपीएसवर घेतलेत.

गुऱ्हाळवाला :

म्हणजे चॅनेल बघा, किल्ली बघा, यूपीएस बघा, जोडणी बंद करा. हे सगळं कोण करणार? तुम्ही जाणकार आहात म्हणून चाललं. आमच्या पोरानं थर्मामीटर डब्यातून काढला, फोनला जोडला, अर्ध्या तासात कामाला लागला. साध्या माणसाच्या हातात जे चालतं ते मानक चांगलं, असं मी मानतो.

उद्यमनगरकर :

मान्य. पण ते अर्ध्या तासाचं सुख पहिल्या सेन्सरला आहे. पाचवी काहिल टाकाल तेव्हा पाच थर्मामीटर आणि पोरगं एक, तेही प्रत्येक काहिलीजवळ उभं पाहिजे. आपण त्या वेळी परत बोलू.

आता कालचं सांगतो. चॅनेल बदलल्यावरही १७ नंबरचं मशीन मधूनच गायब होत होतं. सेन्सर चिप कन्व्हेअरच्या मागं, समोर मजबूत पत्रा. तासाला साठ आकडे यायला हवेत, तर कधी चाळीस, कधी बावीस. मॅडमनी लिहिलेलं डोक्यात होतं. चुंबकावरचा सेन्सर चार बोटं डावीकडं सरकवला, मशीन तेच, प्लग तोच. दुपारच्या पाळीत तासाला साठच्या साठ आले. सकाळी परत जुन्या जागी लावून बघितला, पुन्हा तिशीच्या आत.

राजारामपुरीतला :

हाच तर मुद्दा आहे! तुमचं मशीन हलत नाही, पण त्याच्या शेजारचा कास्टिंगचा ढीग रोज हलतो. आज चार बोटं डावीकडं चांगलं, पुढच्या आठवड्यात ट्रॉली तिथं उभी राहिली की परत शोधत बसा. चॅनेल बदलणारं ब्लूटूथ असतं तर सरकवावं लागलंच नसतं. मी वायफायवाला असून हे सांगतोय. माझ्याकडं जोडणी करणारे दोन ब्लूटूथ सेन्सर पडून आहेत. १७ नंबरला झिगबीच्या शेजारी, त्याच जुन्या जागी लावा. आठवडाभर दोन्हींचे आकडे इथं टाका.

उद्यमनगरकर :

रविवारी सकाळी घेऊन या. मेन चालू ठेवतो. ढीगही मुद्दाम हलवून बघू.